दमट हवेत आकाशाच्या वॉशवर वारंवार उठणारे ‘कॉलिफ्लॉवर’: कारण कसे ओळखावे आणि काय करावे

मुंबईत जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्रे करणाऱ्यांना एक अडचण वर्षानुवर्षे छळत आली आहे. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, स्वच्छ बसतो, त्याची चमक ओसरते, कागद वाळला असे वाटते. आणि दूरच्या इमारतींचा किंवा झाडीचा दुसरा थर लावताच काही मिनिटांत त्या थरातले पाणी वर आकाशात शिरते आणि झालरीसारख्या कडांचा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. चित्रकार मंडळी त्याला सरळ ‘कॉलिफ्लॉवर’ म्हणतात. कधी असा डाग ढग म्हणून खपून जातो. परंतु ज्यांचे पोट चित्रांवर आहे आणि ज्यांना ठरलेल्या दिवशी ठरलेली चित्रे द्यायची आहेत, त्यांना तो परवडत नाही.

काही वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, वाळकेश्वरच्या बाणगंगेची सहा चित्रे करण्याचे काम माझ्याकडे होते. तलावाच्या दगडी पायऱ्या, दीपमाळा, देवळांची शिखरे आणि त्यांच्या मागे दाटलेल्या इमारती असा विषय होता आणि प्रत्येक चित्र अर्ध्या इम्पीरियल कागदावर, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांत करायचे होते. तीन सकाळी मिळून माझे चार कागद वाया गेले, आणि चारही एकाच ठिकाणी बिघडले: जिथे शिखरांची आणि छपरांची कड आकाशाला भिडते तिथे. मी कागद बदलला, ब्रश बदलला, रंग घट्ट घेतला, तरी डाग उठतच राहिले. माझा हात जागेवरच्या कामाला वळला तो वाईच्या आणि मेणवलीच्या घाटांवर, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत. तिथे आकाश टाकून चहा घेईपर्यंत कागद दुसऱ्या थराला तयार होत असे. तोच अंदाज मी मुंबईत जसाच्या तसा वापरत होते, आणि चूक तिथेच होती.

ती मला दाखवली तलावाच्या काठावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंनी. मी कागद उन्हाकडे धरून उभी होते. त्या म्हणाल्या, “ताई, इथं खाली सकाळी घातलेली साडी दुपारपर्यंत वाळत नाही. आम्ही जाडी कापडं वर गच्चीवर नेतो.” पायऱ्यांचा खोलगट भाग, मधोमध पाणी आणि चहूबाजूंनी इमारती, त्यामुळे तिथली हवा हलतच नव्हती. जाड सुती कागद आणि जाडे सुती कापड यांच्या वाळण्यात तत्त्वतः काहीच फरक नाही, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

डाग मुळात कसा उठतो, हे समजल्याशिवाय उपाय हाताला लागत नाहीत. वॉशची चमक गेली याचा अर्थ पृष्ठभागावरचे पाणी गेले इतकाच. धाग्यांच्या आत पाणी अजून असते आणि रंगाचे कणही पुरते पकडले गेलेले नसतात. अशा वेळी ब्रशातून अधिक पाणी आले, तर ते ओलसर धाग्यांतून वेगाने पसरते, वाटेतले सुटे रंगकण पुढे ढकलत नेते आणि जिथे कागद तुलनेने कोरडा लागतो तिथे ते सोडून देते. तीच त्या डागाची गडद, नक्षीदार कड होय. म्हणजे डागाचे कारण नुसते ‘जास्त पाणी’ नव्हे. ब्रशातले पाणी त्या क्षणी कागदातल्या ओलाव्यापेक्षा जास्त असणे, हे त्याचे कारण आहे. कागद चकचकीत ओला असताना भरपूर पाण्याचा ब्रश टेकला तरी डाग उठत नाही, रंग मऊ पसरतो. कागद खडखडीत कोरडा असतानाही उठत नाही, कड रेखीव येते. धोका मधल्या अवस्थेत आहे. आणि मुंबईच्या हवेचा खरा त्रास हा की ती मधली अवस्था इथे फार लांबते. जुलै-ऑगस्टमध्ये शहराची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास परतला तरी जमिनीत आणि भिंतींत मुरलेली ओल लगेच जात नाही.

आधी डाग नीट पाहावा

उपायाकडे वळण्यापूर्वी डाग कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे, कारण सगळेच डाग या एका कारणाने होत नाहीत आणि चुकीच्या निदानावर मी स्वतः बराच महाग कागद खर्ची घातला आहे. दुसऱ्या थराच्या कडेपासून सुरू होऊन आत झालरीसारखा शिरलेला डाग हा वर सांगितलेला कॉलिफ्लॉवर. तसाच डाग चित्राच्या कडेला, कागद बोर्डावर धरणाऱ्या टेपलगत उठला असेल, तर तो टेपवर साचलेल्या पाण्याचा असतो. ते पाणी वॉश वाळू लागल्यावर माघारी फिरते. त्यासाठी वॉश संपताच टेपवर कोरडे फडके फिरवणे पुरते. समुद्रालगत भरतीच्या वेळी किंवा भुरभुर पावसात बारीक, फिके, गोलसर ठिपके दिसतात. ते वरून पडलेल्या थेंबांचे असतात आणि त्यांना आडोशाखेरीज इलाज नाही. जिथे रंग धरतच नाही, फिकी जागा राहते आणि तिचा आकार बोटांसारखा किंवा तळव्यासारखा असतो, तिथे घाम, तेल किंवा उन्हासाठी लावलेले क्रीम कागदाला लागलेले असते. मुंबईत हातावर घाम कायमच असतो, म्हणून कागदावर हात टेकायचा तर खाली कोऱ्या कागदाचा तुकडा घ्यावा.

उरतो तो सर्वांत फसवा प्रकार. वॉश टाकताच त्यात गडद, टिकल्यांसारखे ठिपके किंवा ढगाळ चट्टे दिसतात. त्यांना झालर नसते, ते पसरत नाहीत आणि किती पाणी मारले तरी निघत नाहीत. हा कागदाच्या सायझिंगचा, म्हणजे त्याला दिलेल्या खळीसारख्या लेपाचा, रोग आहे. त्याचा हाताच्या कौशल्याशी काहीही संबंध नाही, तरीही अनेक विद्यार्थी त्याबद्दल स्वतःला बोल लावून घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

चांगल्या सुती कागदाला पाणी एकदम शोषू नये म्हणून सायझिंग केलेले असते. आर्श किंवा सॉन्डर्स वॉटरफोर्ड यांसारख्या कागदांच्या पृष्ठभागावर ते जिलेटिनचे असते. जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीलाही ते खाद्य म्हणून मानवते. पावसाळाभर कपाटात उघडा पडलेला कागद डोळ्यांना कोरा-करकरीत दिसला तरी त्याचे सायझिंग जागोजागी मेलेले असू शकते. तिथे रंग शाईने टिपकागदात शिरावे तसा आत शिरतो. याची परीक्षा सोपी आहे आणि ती नेहमी घरीच, निघण्यापूर्वी करावी: कागदाच्या कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा रुंद ब्रश फिरवून कागद खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरावा. पाण्याचा थर सगळीकडे सारखा चमकत राहिला तर कागद ठीक आहे. मध्येच निस्तेज, गडद ठिपके दिसले तर त्या कागदावर जलरंगाचे ठरलेले काम करू नये. पाठची बाजूही तपासावी, कधी कधी ती शाबूत असते. पातळ जिलेटिनचा हात देऊन कागद पुन्हा वापरता येतो असे सांगितले जाते, आणि सरावापुरते ते खरेही आहे, परंतु आपल्या हवेत त्या थरावरही बुरशी धरू शकते. म्हणून ग्राहकाला द्यायच्या चित्रासाठी मी ते करत नाही. असा कागद पेस्टलला किंवा गवाशला (अपारदर्शक जलरंगाला) उत्तम चालतो, तिकडे वळवावा.

कागद बिघडू नये यासाठी पावसाळ्याआधी मोठा साठा करूच नये. आठ-दहा कागद घ्यावेत, ते जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटापासून दूर ठेवावेत. पुड्या मंद ओव्हनमध्ये कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. ब्लॉकमधले, म्हणजे कडांनी चिकटवलेल्या गठ्ठ्यातले, कागद काढल्यावर उरलेला ब्लॉकही त्याच पिशवीत परत गेला पाहिजे. ही एक सवय लागली की पुढची बरीच रड थांबते.

कागद वाळला हे कसे कळावे

माझ्या मते या सगळ्या अडचणीचे मर्म इथे आहे, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

बहुतेकांना शिकवले जाते की बोटांची पाठ कागदाच्या कोऱ्या कडेला किंवा मागच्या बाजूला लावून पाहावी. गार लागला तर ओला आहे, गार लागला नाही तर वाळला आहे. बाष्पीभवन होताना पाणी कागदातली उष्णता ओढून घेते, म्हणून ओला कागद गार लागतो. कोरड्या हवेत ही खूण चोख चालते. परंतु हवा दमट असली की बाष्पीभवनच मंदावते, त्यामुळे कागद ओलसर असूनही फारसा गार लागत नाही आणि आपली फसगत होते. बाणगंगेच्या पायऱ्यांवर मी नेमकी या खुणेवर विसंबत होते. घड्याळ तर त्याहून निरुपयोगी ठरते, कारण सकाळी सातला आणि साडेदहाला, पायऱ्यांवर आणि गच्चीवर, वाळण्याचा वेळ दुप्पट-तिपटीने बदलतो.

यावर मी वापरते ती ‘साक्षीपट्टी’. चित्रासाठी जो कागद घेतला त्यातूनच दोन इंच रुंदीची एक पट्टी आधी कापून घ्यावी आणि बोर्डावर चित्राशेजारी क्लिपने लावावी. आकाशाचा वॉश टाकताना त्याच ब्रशाने, त्याच रंगाने, त्याच क्षणी पट्टीवरही वॉश टाकावा. पट्टी चित्राइतक्याच सावलीत आणि वाऱ्यात असली पाहिजे. चित्राला हात लावण्याची वेळ आली असे वाटले की दुसऱ्या थराचा भरलेला ब्रश प्रथम पट्टीवर टेकवावा आणि पूर्ण एक मिनिट थांबावे. कड रेखीव राहिली तर चित्राकडे जावे. कड किंचितही फुटली तर जाऊ नये, कारण कॉलिफ्लॉवर बहुधा लगेच दिसत नाही. आपण समाधानाने पुढच्या भागाकडे वळल्यावर मागे तो हळूहळू उमलत जातो. त्या एका मिनिटाचा संयम हाच या उपायाचा खरा भाग आहे. दुसरी एक पूरक खूण आवाजाची आहे: कागदाच्या मोकळ्या कोपऱ्यावर टिचकी मारली तर कोरडा कागद टणक वाजतो आणि ओलसर कागद बद्द वाजतो. चार-पाच दिवसांत कान त्याला सरावतो.

थांबायला वेळच नसेल, प्रकाश सरत असेल, तर उलट बाजूने विचार करावा. कागद कोरडा करता येत नाही, पण ब्रश कागदापेक्षा कोरडा ठेवता येतो. रंग दाट घ्यावा, ब्रश भरल्यावर त्याची मानेकडची बाजू, जिथे केस धातूच्या नळीत शिरतात ती, सुती फडक्यावर टिपावी. पाण्याचा साठा तिथे असतो, टोकाला नव्हे. अनेक जण टोक टिपतात आणि साठा तसाच राहतो. असा ब्रश ओलसर आकाशावर टेकवला तर कड मऊ येईल, कॉलिफ्लॉवर येणार नाही, आणि दूरच्या झाडीला किंवा धुरकट इमारतींना मऊ कड शोभूनही दिसते. अल्ट्रामरीनसारखे दाणेदार रंग या अवस्थेत चांगले वागतात. थॅलो ब्लूसारखे बारीक कणांचे, कागद रंगवून टाकणारे रंग मात्र इथे टाळावेत. त्यांचा डाग पडला तर तो निघत नाही.

जागा, वेळ आणि बोर्ड

हवेचा ओलावा आपल्या हाती नाही, पण हवेचे हलणे निवडता येते. ओल्या कागदालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा पातळ थर साचतो आणि वारा तो काढून नेतो. म्हणूनच आर्द्रता तेवढीच असताना वांद्र्याच्या बँडस्टँडवर कागद वाळतो आणि खोताच्या वाडीतल्या गल्लीत वाळत नाही. सापेक्ष आर्द्रता पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असते. ऊन चढेल तशी ती उतरते. सकाळी सातचा सुंदर, तिरपा प्रकाश आणि वाळण्याला सर्वांत वाईट हवा हे दोन्ही एकाच वेळी येतात, हे मुंबईतल्या चित्रकाराचे दुखणे आहे. त्यामुळे पहाटेचे चित्र एकाच ओल्या थरात होईल असे योजावे आणि थरांवर थर मागणारे विषय, जसे सीएसएमटीचा दर्शनी भाग, साडेनऊ-दहानंतर घ्यावेत. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून कोरडा वारा असतो आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून दमट वारा सुरू होतो. वाऱ्याची दिशा पालटली की साक्षीपट्टी नव्याने टाकावी, आधीचा अंदाज रद्द समजावा.

एकाच ओल्या थरात चित्र पूर्ण करणे हा केवळ नाइलाजाचा मार्ग आहे असे कोणी समजू नये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता राहिलेले प्र. अ. धोंड कोकणातले समुद्रकिनारे अशाच वेगाने, ओल्या कागदावर थोडक्या फटकाऱ्यांत उभे करत. त्या चित्रांत हवेचा दमटपणाच चित्राचा विषय होऊन बसलेला दिसतो. मला त्यांची चित्रे पाहताना नेहमी वाटते की या किनाऱ्यावरच्या हवेशी जलरंगाचे भांडण नाही, ते आपण वाळवण्याच्या हट्टातून लावून घेतो.

बोर्डाबद्दल थोडेसेच. प्लॅस्टिकच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून चिकटवण्याची पद्धत एप्रिल-मेच्या दुपारी, कडा फार लवकर वाळतात तेव्हा, उपयोगी पडते; पावसाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये तीच घात करते, कारण मागचे पाणी जायला वाट राहत नाही. त्या दिवसांत प्लायवुड घ्यावे, कागद चारही बाजूंनी टेप न करता क्लिपांनी धरावा आणि वॉशनंतर कागदाखाली दोन ब्रशांचे दांडे सरकवून तो उचलून ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) कागद मला सर्व ऋतूंत बरा वाटतो. ६४० ग्रॅमचा वळत नाही, पण पाणी धरून ठेवतो. पातळ कागद लवकर वाळतो, मात्र त्याला पोक येऊन खळग्यांत पाणी साचते आणि तिथून नवे डाग उठतात. काम सावलीत करावे आणि वाळवायला बोर्ड उन्हात न्यावा. बॅटरीवरचा छोटा पंखा जवळ असावा, पण चमक असताना तो चालवू नये, नाहीतर वाऱ्याने पाणी सरकून तिथेच कड उमटते. पाण्यात स्पिरिट मिसळून वॉश लवकर वाळवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मी तो करून पाहिला आहे आणि आपल्या हवेत त्याचा भरवसा मला वाटत नाही: स्पिरिट आधी उडून जाते, उरलेले पाणी मात्र हवेच्या मर्जीनेच वाळते.

डाग उठलाच तर तो ओला असताना त्याला हात लावू नये. पुसायला गेलेला ब्रश त्याला आणखी पाणी पाजतो. कागद घरी नेऊन पंख्याखाली रात्रभर वाळू द्यावा. नंतर ओलसर, टिपलेल्या ब्रशाने फक्त डागाची गडद कड हलकेच घासून टिश्यूने उचलावी. आतल्या फिक्या भागाला स्पर्श करू नये. जिथे कड निघत नाही तिथे तिच्यावर झाडाची फांदी, छपराची कड किंवा केबलची तार येऊ शकते का, हे पाहावे. त्यानेही भागत नसेल तर नवा कागद घ्यावा. घासून-घासून मळलेले आकाश डागापेक्षा वाईट दिसते.

घरी आल्यावर पॅलेट ओली असताना बंद करू नये. पंख्याखाली उघडी ठेवून रंग वर-वर कोरडे झाले की मगच झाकण लावावे, नाहीतर दोन दिवसांत रंगांवर पांढरी बुरशी धरते. मध मिसळलेले रंग आपल्याकडे पावसाळ्यात कोरडे होतच नाहीत आणि पॅलेट उभी धरली की ओघळतात, म्हणून बाहेरच्या कामाला ते मी नेत नाही.

बाणगंगेची सहाही चित्रे मी शेवटी अशी केली: पहाटे पायऱ्यांवर बसून फक्त पेन्सिलीचे रेखाटन आणि प्रकाशाच्या नोंदी, मग नवाच्या सुमारास त्या बाईंच्या परवानगीने त्यांच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या साड्यांच्या शेजारी, आकाशाचे वॉश एका वेळी दोन बोर्डांवर. एक वाळेपर्यंत दुसऱ्याचे रेखाटन तपासायचे, पट्टी बघायची, आणि पट्टीने होकार दिला की खाली येऊन शिखरे आणि पायऱ्या रंगवायच्या. सहापैकी पाच चित्रांत एकही डाग उठला नाही. सहाव्यात एक बारीकसा उठला, कारण त्या दिवशी घाईत मी पट्टीवर मिनिटभर थांबले नव्हते.